विनिपेगच्या दारातलं कुंकू

विहीणबाई,

काल तुमच्या तेराव्याचं गोडाचं जेवण झालं. अमृताने पुरणपोळ्या केल्या. पुरणात जायफळ घालायचं की वेलची, यावरून ऑकलंडच्या अल्बनीतल्या या स्वयंपाकघरात तुमचं-माझं किती वर्षं वाजत आलं. तुमच्या साताऱ्याचं जायफळ, माझ्या चिंचवडची वेलची. काल अमृताने दोन्ही घातलं, आणि कुणीही काही बोललं नाही. माझे हे नाही, निखिल नाही. मी मनात म्हटलं, हे काय जेवण, भांडायला माणूसच नाही.

निखिल म्हणतो, आई, तू लिही, इथल्या मराठी मंडळाच्या अंकात देऊ. मी म्हटलं, जन्म कधी, शाळेत किती वर्षं इतिहास शिकवला, ते तुझी बायको लिहील, तिची आई होती. मला त्यातलं काही लिहायचं नाही. माझं आणि तुमचं एक बोलणं राहिलंय, ते बोलते. छापायचं की नाही ते नंतर बघू. आणि शुद्धलेखनाचं म्हणाल तर तुम्हीच गेलात, आता माझ्या कागदावर लाल पेन फिरवायला कोण येतंय. दहावीच्या पुढे न गेलेल्या बाईचं लिहिणं आहे, जसं बोलते तसंच येणार.

तुम्हाला मी पहिल्यांदा पाहिलं ते निखिल-अमृताच्या साखरपुड्यात. मोतिया रंगाची साडी, चष्मा, कपाळ मोकळं. अमृताचे वडील ती दहावीत असतानाच गेले होते. लग्नात कन्यादानाला तुमचे भाऊ-भावजय बसले आणि तुम्ही मांडवाच्या कडेला खुर्ची घेतलीत. मी मुलाची आई, माझा रुबाब काय विचारता. तरी तुमच्याकडे बघून मला वाटलं, ही बाई स्वतःच्या मुलीच्या लग्नात पाहुणी असल्यासारखी बसलीय. विहिणीच्या मानाची साडी मी तुमच्यापुढे धरली तर म्हणालात, माझ्याकडे साड्या खूप आहेत, पुस्तक दिलंत तर घेईन. माझ्या जाऊबाईंनी तोंड वाकडं केलं होतं. मीही केलं होतं, आज सांगते.

नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरी जेवायचं नाही, ही जुनी रीत. तुम्ही ती बोलून दाखवली नाहीत, पण ईरा जन्मल्यावरच इकडे आलात. २०११ साल ते. मग दर वर्षी एप्रिलमध्ये यायचात नि सप्टेंबरात जायचात. आम्ही दोघं निखिलकडे कायमचेच. म्हणजे एका घरात दोन विहिणी, वर्षातले सहा महिने. मंडळातल्या बायका मला विचारायच्या, कसं काय जमतं हो? मी सांगायचे, आमच्यात कधी एक शब्दही वाकडा नाही. ते खोटं होतं. वाकडे शब्द पुष्कळ होते, फक्त ते जायफळावर, इस्त्रीवर आणि ईराला थंडीत जँडल, म्हणजे रबरी चपला, घालून कोपऱ्यावरच्या दुकानात, डेअरीत, पाठवण्यावर होते. खऱ्या गोष्टीवर एकही शब्द नव्हता, वाकडा नाही आणि सरळही नाही.

ती खरी गोष्ट विनिपेगची.

माझी मेघना तिकडे, कॅनडाच्या मधोमध. मुलगा न्यूझीलंडला आणि मुलगी विनिपेगला, मधे अख्खा पॅसिफिक. २०१६ च्या ऑगस्टमध्ये ती म्हणाली, आई, या वर्षी येच, आमच्या गावात दोन आठवडे मोठा मेळा असतो, जगातल्या सगळ्या देशांचा. आमच्या ह्यांनी गुडघा पुढे केला. म्हणाले, इतके तास विमानात बसलो तर मला दुमडलेल्या खुर्चीसारखं उतरवावं लागेल. मग मी तुमच्याकडे आले. तुम्ही म्हणालात, तुमच्या लेकीकडे मी कोण म्हणून येऊ? मी म्हटलं, माझं इंग्लिश म्हणून या. तेवढं मात्र तुम्हाला पटलं. अट एकच घातलीत, म्युझियममध्ये घाई करायची नाही. मी हो म्हटलं. मला काय माहीत म्युझियम म्हणजे तुम्ही भिंतीवरची प्रत्येक पाटी वाचता, अगदी आग लागल्यास कुठून बाहेर पडायचं तीसुद्धा.

विमान उतरायला लागलं तेव्हा तुम्ही खिडकीशी होतात. खाली नुसती शेतं, आखून दिलेली, पिवळी, हिरवी, परत पिवळी. टेकडी म्हणून नाही. तुम्ही आयुष्यभर खिडकीत अजिंक्यतारा बघितलेला. म्हणालात, विहीणबाई, इथे डोळा टेकवायला जागाच नाही हो. मला ते वाक्य फार आवडलं होतं. नंतर चार जणांना मी ते माझं म्हणून सांगितलंय.

पहिल्या दोन दिवसांत तुम्ही मला जहाजाच्या म्युझियममध्ये नेलंत. इमारतीच्या आत अख्खं जहाज उभं, शिडाचं, बाजूला जुना धक्का, लाकडी घरं, दिवे असे मंद की संध्याकाळ झाल्यासारखी वाटावी. डांबराचा वास. तुम्ही माझा हात धरून मला डेकवर चढवलंत आणि वर्गात सांगावं तसं सांगितलंत, की आपल्याकडे मसाल्यांच्या मागे कंपनी आली, इकडे जनावरांच्या कातड्यांमागे आली, दोघी चुलतबहिणीच. मग तुम्ही पाट्या वाचायला गेलात आणि मी बाकावर बसले. तासाने परत आलात तर तिथला राखणदार आणि मी बोलत होतो. मी तुम्हाला सांगितलं, याच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि त्याची धाकटी मुलगी त्याच्याशी बोलत नाही. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. म्हणालात, तुम्हाला इंग्लिश येत नाही ना? मग मला कशाला आणलंत?

दिवसा म्युझियम तुमचं, संध्याकाळी मेळा माझा. काय तो मेळा. एका मैदानात नाही, गावभर पसरलेला. शाळांचे हॉल, चर्चचे हॉल, क्लबांचे हॉल, एकेका देशाच्या लोकांनी एकेक घेतलेला. दारात स्वागत, आत त्यांचं जेवण, त्यांचं नाचगाणं, कडेला त्यांच्या जुन्या वस्तू मांडलेल्या. लोक एक कार्यक्रम बघून बसने दुसऱ्या देशात जायचे. आपण पहिल्या संध्याकाळी युक्रेनमध्ये गेलो. तिथल्या म्हाताऱ्या बायका महिनाभर आधीपासून तळघरात बसून बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या भरतात. मी एकीला खुणेने दाखवलं की आमच्याकडे अशी मुरड घालतात. तिने लगेच पीठ आणून पुढ्यात ठेवलं. मी दहा मुरडल्या. तुम्ही लांब उभ्या राहून बघत होतात. नंतर म्हणालात, तुम्ही कुठेही जाऊन घरच्यासारख्या कशा होता हो? मी म्हटलं, तुम्ही पण हात घालायचा होतात. तुम्ही म्हणालात, मला कुणी बोलावलं नाही. मी हसले. मला वाटलं, बाई मानपान बघते. आता वाटतं, तुम्ही मला काहीतरी सांगत होतात. बोलावल्याशिवाय पुढे व्हायचं नाही, ही सवय तुम्हाला कुणी लावली होती? आम्हीच ना सगळ्यांनी मिळून.

दुसऱ्या संध्याकाळी भारताच्या हॉलमध्ये. बाहेर ही रांग. मेघना गाडी लावायला गेली होती. दारात एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी, घागरा घातलेली, हातात स्टीलचं ताट. ताटात ओलं कुंकू आणि तांदूळ. येणाऱ्या प्रत्येकाला ती बोटाने कपाळाला लावत होती. प्रत्येकाला म्हणजे प्रत्येकाला. आपल्या पुढे एक गोरं जोडपं, नवऱ्याने टोपी काढून लावून घेतलं. त्यांच्या पुढे तीन फिलिपिनो नर्सा, त्यांच्या पुढे व्हीलचेअरवर एक आजोबा. मग मी. मला लावलं. मग तिने बोट बुडवलं आणि तुमच्याकडे वळली.

मी तिचं मनगट धरलं, विहीणबाई.

मी विचार केला नाही. विचार केला असता तर बरं झालं असतं. हात आपोआप गेला, उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस बंद करायला जातो तसा. माझ्या तोडक्या इंग्लिशमध्ये म्हटलं, "नो, नो. हर, नो."

ती पोर गोंधळली. तिकडेच जन्मलेली, तिला काय कळणार. मोठ्या काळजीने म्हणाली, "ओह, इज शी ॲलर्जिक?"

आणि मी म्हटलं, "येस, येस. ॲलर्जी."

तिने सॉरी म्हटलं. तुम्हालाच सॉरी म्हटलं. तुमच्या मागची बाई पुढे झाली, तिला लावलं, रांग सरकली.

आता जे लिहायचं ते इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही चष्मा काढला होतात. मी तिचं मनगट धरलं तेव्हा तुमचा चष्मा तुमच्या हातात होता आणि तुम्ही थोडं वाकला होतात, ती मुलगी बुटकी होती म्हणून. कपाळ पुढे केलं होतंत. मी ते पाहिलं. पाहिलं नाही, असं मला म्हणता येणार नाही. तुम्ही चष्मा परत डोळ्यांवर चढवलात, सावकाश, एक काडी, मग दुसरी, आणि आत जाऊन बसलात.

आणि मी काय केलं माहिताय? आत बसल्यावर तुमच्या हातावर हात ठेवला. कसं बाई तुम्हाला वेळेवर सोडवलं, असा थाट. मला वाटलं, बिचाऱ्या अवघडल्या असत्या. परक्या मुलीला कसं सांगणार होत्या. चष्मा काढलेला मी पाहिला होता, तरी मला तेच वाटलं. माणूस डोळ्यांनी पाहतं एक आणि मनात आधीच लिहून ठेवलेलं असतं दुसरं. तुम्ही हात काढून घेतला नाहीत. लेझीम झाली, गरबा झाला, छोले-पुरी झाली. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, बोटांच्या टोकांनी.

दुसऱ्या दिवशी ते काचेचं मोठं म्युझियम, माणसांच्या हक्कांचं. आत अंधारातून चढत जाणारे उजळ दगडी रस्ते, एका मजल्यावरून दुसऱ्यावर. मला ते मंदिराच्या प्रदक्षिणेसारखं वाटलं. एका दालनात जुने फोटो होते, तिथल्या मूळच्या लोकांच्या मुलांचे. घरातून उचलून निवासी शाळांत घातलेली, केस कापलेली, आईची भाषा बोलायची बंदी. तुम्ही त्या फोटोंसमोर इतका वेळ उभ्या राहिलात की मी बाकावरून उठून आले. तुम्ही म्हणालात, मी पण शाळेत पोरांना ओरडायचे, घरचं बोलणं घरी ठेवा म्हणून. मग थोड्या वेळाने, फोटोकडेच बघत म्हणालात, "यांचं भलं करायला निघाले होते म्हणे. विचारलं मात्र कुणी नाही."

मी म्हटलं, खरंय बाई, आणि कँटीन कुठे आहे ते शोधायला गेले.

त्या लेकरांच्या दुःखाची आणि माझ्या चुकीची बरोबरी मी करत नाही. तुम्हीही करत नव्हता, तेवढं तारतम्य तुम्हाला माझ्याहून जास्त होतं. पण एक वाक्य तुम्ही माझ्यासाठी तिथे ठेवलं होतंत आणि मी ते ओलांडून चहा प्यायला गेले.

त्यानंतर दोन दिवसांनी मेघनाच्या मैत्रिणीचं डोहाळजेवण होतं, संध्याकाळी. तुम्ही आपणहूनच म्हणालात, तुम्ही मायलेकी जा, मला तो दोन नद्यांचा संगम परत बघायचाय, माहुलीची आठवण येते. मेघना म्हणाली, काकू, चला ना. मी काही म्हटलं नाही. मला सुटल्यासारखंच वाटलं, आज कबूल करते. आम्ही परत आलो, तुमचा पत्ता नाही. साडेआठला आलात, अजून लख्ख ऊन होतं तिथे. मी किती बोलले तुम्हाला. परकं गाव, परकी बस, फोन बंद, मी तुमच्या लेकीला काय तोंड दाखवलं असतं. तुम्ही ऐकून घेतलंत. म्हणालात, बस चुकली. आणि आत जाऊन भाजी निवडायला घेतलीत.

इकडे परत आल्यावर ती ॲलर्जी तुमची जोडीदारीण झाली. मी दुसरी पोळी वाढायला गेले की, नको, मला ॲलर्जी आहे. मी जबरदस्तीने स्वेटर घालायला लावला की, अहो, मला ॲलर्जी आहे ना, तुम्हीच सांगितलंत. सगळे हसायचे. ईरा म्हणायची, "सातारा आजी इज ॲलर्जिक टू एव्हरीथिंग." मी सगळ्यांत जोरात हसायचे. मला वाटायचं, बाईंनी ती गोष्ट किती खेळकरपणे घेतली. चिमटा होता तो, कळत होतं. पण हसत हसत काढलेला चिमटा सोसायला सोपा असतो, म्हणून मी तो चिमटाच मानला नाही.

दर एप्रिलात आपल्या घरी चैत्राचं हळदीकुंकू व्हायचं. ऑकलंडभरातून बायका यायच्या, दोघी-तिघी हॅमिल्टनहून गाडी हाकत यायच्या. तुम्ही स्वयंपाकघरात. गोठवलेल्या कैऱ्यांची आंबेडाळ, पन्हं, सगळं तुमच्या हातचं, आणि बाहेर त्याची तारीफ घ्यायला मी. अमृता आत येऊन म्हणायची, मम्मी, बाहेर ये ना. तुम्ही म्हणायचात, पन्ह्यात लक्ष हवं. आणि मी बायकांना सांगायचे, आमच्या विहीणबाई फार समजूतदार.

तीन वर्षं माझ्या ओठांवर होतं, की विचारावं. विहीणबाई, तेव्हा तुम्हाला हवं होतं का हो? एवढंच. एकदा तर शहरात जाणाऱ्या बसमध्ये आपण दोघीच होतो, डोळे दाखवायला निघालो होतो, मी तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर पर्समध्ये छत्री घेतलीत का. भीती कशाची होती? तुम्ही हो म्हणाल याची. मग मला ते घेऊन राहावं लागलं असतं.

आणि मग ही वेळ आली. एका सकाळी तुम्ही चहाचा कप ठेवलात आणि टेबलाशीच बसल्या बसल्या कललात. हॉस्पिटलात तीन दिवस. बास.

अंत्यविधीच्या जागी मुख्य हॉलमागे एक छोटी खोली होती. तिथला माणूस फार मऊ होता बोलायला. किआ ओरा म्हणाला, म्हणजे इथला माओरी नमस्कार, दार ओढून घेतलं आणि आम्हाला सांगितलं, हवा तेवढा वेळ घ्या. खोलीत अमृता आणि मी. तुम्हाला आम्ही दोघींनी साडी नेसवली होती, तुमची ती मोतिया. तुळशीचं पान, गंगेचं पाणी, सगळं झालं. मग मी पर्समधून माझी कुंकवाची डबी काढली.

मी घरूनच ठरवून आले होते. रात्रभर मनात एकच चाललेलं, की एवढं तरी मी करीन. तीन वर्षांपूर्वी या हाताने अडवलं, आज या हाताने लावीन. मंडळातल्या बायका बाहेर बसल्या होत्या, त्या काय म्हणतील याची मला फिकीर नव्हती. मी अमृताला सगळं सांगितलं. मनगट, ॲलर्जी, चष्मा, सगळं. पोरीपुढे रडले. डबी उघडली.

अमृताने डबीवर हात ठेवला. म्हणाली, "आई, मला माहितेय. मम्मीने सांगितलं होतं मला."

आणि मग तिने मला सांगितलं, तुम्ही तिला मागच्या वर्षी सांगितलेलं. त्या डोहाळजेवणाच्या संध्याकाळी तुम्ही संगमावर गेलाच नव्हता. बस विचारत विचारत एकट्या परत त्या हॉलवर गेलात. रांगेत उभ्या राहिलात. तीच मुलगी होती दारात. तिने तुम्हाला ओळखलं आणि ताट मागे घेतलं, बिचारी घाबरली. तुम्ही तिला म्हणालात, माय ॲलर्जी इज क्युअर्ड. चष्मा काढलात, वाकलात. आत गेलाच नाहीत. नाच नाही, जेवण नाही. दारातून वळलात, बसस्टॉपवर आलात आणि बसमध्ये बसलात. मेघनाच्या घराचा स्टॉप आला, तुम्ही उतरला नाहीत. शेवटपर्यंत गेलात, तिथून परत त्याच बसने मागे. मग आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर ओल्या टिशूने पुसलंत आणि घरात आलात.

तुम्ही तिला बजावलं होतंत म्हणे, सासूबाईंना सांगू नकोस. विहीणबाई मनाने चांगल्या आहेत, पण त्या रडायला लागतील, आणि मग त्यांची समजूत मलाच घालावी लागेल.

मी अमृताला म्हटलं, मग तर लावू दे ना मला.

ती शांतपणे म्हणाली, "नको, आई. तिचं तिने लावून घेतलं होतं. आणि पुसलं ते तुमच्यासाठी पुसलं. आता तुम्ही लावू नका."

तुमची लेक आहे, दुसरं काय. आवाज चढला नाही, शब्दही वाया घालवला नाही. तिने माझ्या हातातून डबी घेतली, झाकण लावलं आणि माझ्या पर्समध्ये ठेवून दिली. मग मला जवळ घेतलं. तुम्ही आमच्या घरात जशा आलात, तशाच गेलात, मोकळ्या कपाळाने. बाहेरच्या बायकांना वाटलं, रीतीप्रमाणे झालं. त्यांना तसं वाटू दिलं.

घरी आल्यावर मला ती संध्याकाळ परत दिसायला लागली. तुम्ही भाजी निवडायला बसला होतात आणि तुमच्या दोन भुवयांच्या मधे लालसर डाग होता. विनिपेगचे डास कसले, बोटाएवढे. मी म्हटलं, चावला वाटतं, आणि मेघनाच्या कपाटातून मलम आणलं. माझ्याच बोटाने लावलं, ठीक त्या जागी. तुम्ही डोळे मिटून घेतले होतेत. मला म्हणालात, थंड वाटतंय. काय काय चाललं असेल तुमच्या मनात, आणि मी वर ऐकवत होते की संध्याकाळी नदीवर जायचंच कशाला.

आता माझ्यात आणि तुमच्यात भांडण काय उरलं ते सांगते. तुम्ही मला सांगायला हवं होतंत. मी रडले असते, हो. तुम्हाला समजूत घालावी लागली असती, तेही खरं. पण तेवढी तसदी घ्यायची होती विहिणीसाठी. पुरणातल्या जायफळासाठी तासन् तास भांडलात, एवढ्यासाठी एक दिवस भांडला असतात तर? असं मी तुम्हाला मनात विचारते आणि मग मीच गप्प होते. कारण मला माहितेय, त्या संध्याकाळी तुम्ही तशाच दारातून आत आला असतात, तर मी रडले नसते. माझ्या तोंडून पहिलं निघालं असतं, अगंबाई, हे काय? मेघनासमोर निघालं असतं. तुम्ही मला पुरतं ओळखत होतात. तुम्ही पुसलंत म्हणून आपण आणखी तीन वर्षं एका टेबलावर जेवलो. त्याबद्दल आभार कसे मानतात, मला येत नाही. मानायला हवेत, एवढं कळतं.

ह्यांना परवा सांगितलं सगळं. मग म्हणाले, माझ्यानंतर तुझं काय ते तूच ठरव हं, कुणाला विचारू नकोस. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, असलं काही हे पहिल्यांदा बोलले. मी म्हटलं, गप्प बसा. पण ऐकून ठेवलं.

अमृताला मी एकच विचारलं. मम्मीने सांगितलं का, बसमध्ये कुणी काही म्हणालं? ती म्हणाली, हो, एका म्हाताऱ्याने जागा दिली, आणि समोर एक लहान मूल आईच्या मांडीवरून टक लावून बघत होतं, एवढंच सांगितलं होतं. त्या मुलाकडे बघून तुम्ही हसला होतात म्हणे.

तुमच्या कपाळावर कुंकू मी कधी पाहिलं नाही, विहीणबाई. तुमची-माझी ओळख झाली ती त्याच्या नंतरची. पण त्या दिवशी एका सपाट गावात, उन्हात, एक बस या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. जागा देणाऱ्या म्हाताऱ्याने पाहिलं. त्या मुलाने पाहिलं. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं असेल. चढणाऱ्या-उतरणाऱ्या सगळ्या परक्या माणसांनी तुम्हाला पाहिलं. तुम्हाला ते कसं शोभून दिसत होतं, हे त्यांतल्या कुणालाही विचारता येईल. मलाच तेवढं सांगता येत नाही.